शेवटच्या चाकाची वेळ

जुन्या टीव्हीला बारा बटणं असायची. मंचरमध्ये मी केबलचा धंदा सुरू केला तेव्हा, नव्वदच्या दशकात, गावातले निम्म्याहून जास्त संच असेच होते. माझ्या गच्चीवरच्या डिशवर आकाशातून तीस चॅनेल उतरले तरी गिऱ्हाइकाच्या घरात बाराच पोचणार. कोणते बारा, ते मी ठरवायचो. लोकांना वाटतं केबलवाल्याचं काम म्हणजे तारा ओढणं. तारा कोणीही ओढतो. खरं काम म्हणजे बारा चॅनेल निवडणं आणि निवडल्यावर शिव्या खाणं.

खेळाच्या चॅनेलला मी नववं बटण दिलं होतं. क्रिकेट नसलं की संध्याकाळी त्याच बटणावर मी सिनेमाचं चॅनेल फिरवायचो, आणि कोणाची तक्रार नसायची. फक्त जुलै महिन्यात एक तक्रार यायची, दरवर्षी एकाच माणसाची. कांतिशेठ हे कांद्या-बटाट्याचे आडतदार. घराणं मूळ राजस्थानचं, पण चार पिढ्या मंचरात काढलेलं. पावसाळ्यात फ्रान्समधली तीन आठवड्यांची सायकल शर्यत लागायची, ती त्यांना हवी असायची.

"भाऊ, सायकलवालं लावा राव. कालपासून न्हाई."

"शेठ, एकट्या तुमच्यासाठी? बाकीचे पिक्चर मागतात."

"पिक्चर काय, बारा महिने लागत्यात. हे महिनाभर लावा."

"पण तुम्हाला सायकलीत एवढं काय दिसतं?"

"सायकल कोण बघतंय? शेतं बघतो मी. वरून हेलिकॉप्टरमधनं लई झ्याक दावत्यात. आयुष्य कांदा बघण्यात गेलं. एक तरी वावर बिनकांद्याचं बघू द्या की!"

शेठना नाही म्हणणं अवघड होतं. माझी डिश त्यांच्याच गाळ्याच्या गच्चीवर होती. मी सायकल लावायचो आणि पडदा नीट आहे ना हे तपासता तपासता स्वतःही बघत बसायचो. शेठ शेतं बघायचे, मी कोपऱ्यातले आकडे.

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. सायकलच्या लांब शर्यतीत सगळे स्वार एका झुंडीत चालतात, कारण पुढच्याच्या आडोशाला वारा कमी लागतो. एखादा हिय्या करून झुंड सोडतो आणि एकटा पुढे जातो. मग टीव्हीवर एकच प्रश्न उरतो, त्याच्यात आणि झुंडीत किती वेळाचं अंतर आहे? अंतर पडद्यावर येतं, आणि स्वारालाही कळवतात. मोटारसायकलवर मागे बसलेला माणूस काळ्या पाटीवर खडूने आकडा लिहून त्याला दाखवतो. बघून बघून मला ठोकताळा बसला होता. सपाट रस्त्यावर झुंड एकट्या माणसाचं साधारण एक मिनिट दहा किलोमीटरमध्ये खाते. म्हणजे किलोमीटरला सहा सेकंद. मी कागदावर गणित मांडायचो, शेठना सांगायचो, "सापडणार, दोन किलोमीटर राहिले की." आणि तो सापडायचा. शेठ म्हणायचे, "तुमी याला आधीच फोन करून सांगत जा, बिचारा उगा दमतो."

तो आकडा नेमका कसा घेतात, घड्याळ कधी सुरू आणि कधी बंद, हे मात्र टीव्ही कधी दाखवत नाही. आणि मी कधी विचारलं नाही, कारण मला वाटायचं ते मला येतं.

तसं वाटायला कारण होतं. जुन्नर-आंबेगावात यात्रा म्हटली की बैलगाडा आला. चढाच्या धावपट्टीला आम्ही घाट म्हणतो. एका वेळी एकच गाडा सुटतो, बारा-तेरा सेकंदांत वर पोचतो, आणि ज्याची वेळ सगळ्यात कमी तो घाटाचा राजा. घड्याळ धरायला भरवशाचा माणूस लागतो, कारण सेकंदाच्या दहाव्या भागावरून दोन गावांचं बोलणं बंद होऊ शकतं. मी वीसेक गावांच्या यात्रांत घड्याळ धरलं. आमचा नियम पक्का होता. वरच्या रेषेवर बैलाचं तोंड आलं म्हणून नाही, खूर आला म्हणूनही नाही. गाड्याचं चाक पार गेलं की वेळ बंद. बैल मान लांब करतो, उडी मारतो, त्यावरून भांडणं होतात. चाक सगळ्यात मागे असतं. ते गेलं म्हणजे सगळं गेलं. या नियमाने माझ्या हातून एकही भांडण झालं नाही, आणि त्याचा मला अभिमान होता. अजून आहे.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी एक पगारी संघांची सायकल शर्यत आमच्या भागातून गेली. तिचा एक टप्पा मंचरहून नारायणगाव, आळेफाटा, ओतूर करत मढला संपणार होता. मुंबईहून चित्रण करणारी मंडळी आली. त्यांच्या प्रमुख शैलामॅडम. थेट प्रक्षेपण नव्हतं, तेवढी यंत्रणा कोणाकडे होती? टेपा पुण्याला जायच्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा. त्यांना स्थानिक माणूस हवा होता. जनरेटर कुठे मिळेल, वायरलेस कुठे लागत नाही, हे सांगणारा. ओतूरच्या पुढे डोंगरात लागत नाही, हे मी सांगितलं. मग मॅडम म्हणाल्या, "म्हणजे वेळ कळवायला मोटारसायकलच लागणार. आमचा वेळ घेणारा तापाने पडलाय. इथे कोणी आहे?"

मी म्हटलं, "मी आहे. शंभराव्या भागापर्यंत घेतो."

"शंभरावा भाग नको हो दादा, सेकंद पुरे."

मोटारसायकल दत्तू चालवणार होता. दत्तू माझा वायरमन, खांबावर चढण्यात पटाईत आणि तोंडाने त्याहून. माझ्या हातात पाटी, गळ्यात घड्याळ, खिशात वही.

त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं होती ती संपतसाठी. संपत राजुरीचा, चांगल्या बागाईतदार घरातला. पुण्याच्या एका पगारी संघात दोन वर्षं होता. त्याचा करार त्या हंगामात संपत होता आणि संघाच्या व्यवस्थापकाने त्याला सांगितलं होतं की एक टप्पा जिंकून दाखव. हे राजुरीत सगळ्यांना माहीत होतं, म्हणून मलाही. आळेफाट्याला राजुरीकर ट्रॅक्टर भरून आले होते. तिथून थोडं पुढे संपतने झुंड सोडली.

आता माझं काम सुरू झालं. संपत एका दगडापाशी आला की मी घड्याळ सुरू करायचो, तिथेच थांबायचो, मागून झुंड आली की बंद करायचो. मग दत्तूने गाडी झुंडीच्या बाजूने काढून पुढे न्यायची आणि मी संपतला पाटी दाखवायची. आणि मी घड्याळ बंद करत होतो ते झुंडीचा शेवटचा सायकलवाला गेल्यावर. शेवटचं चाक.

दत्तू पहिल्याच वेळी वैतागला. "भाऊ, पयला आला की निघू की! सगळं वऱ्हाड फुडं जाऊ देता आन मग मला गटारातनं गाडी काढाया लावता."

"वेळ पुरी घ्यायची असते, दत्तू. मागचा राहिला तर ती वेळ कसली?"

"त्यो मागचा कुठं संपतला धरणारे? धरणार त्यो पुढचा."

मी त्याला म्हटलं, "तू गाडी बघ." हे वाक्य मी नंतर पुष्कळदा आठवलं.

सुरुवातीला झुंड गोळा होऊन चालत होती, सात-आठ सेकंदांत पूर्ण निघून जायची. तेवढ्याने कोणाचं बिघडलं नाही. पण शर्यत तापली तशी ती लांबत गेली, एकामागे एक, दोरीसारखी. झुंड जितकी जोरात तितकी लांब, आणि झुंड जितकी लांब तितकी माझी चूक मोठी. ओतूर ओलांडल्यावर, दहा किलोमीटर राहिल्याच्या फलकापाशी, मी शेवटची वेळ घेतली. एक मिनिट वीस सेकंद. वहीत लिहिलं, पाटीवर लिहिलं. दत्तूने उसाच्या कडेने गाडी दामटली आणि आम्ही संपतला गाठलं. त्याने पाटी बघितली, ओठ हलले. तोही मनात गणित करत होता. साठ जाणार, वीस उरणार. त्याने मान डोलावली आणि आहे तोच वेग धरून ठेवला. मी स्वतःशी म्हटलं, राजुरीत आज गुलाल.

मढच्या फलकाच्या अलीकडे, रेषेपासून अर्धा किलोमीटरवर, झुंडीने त्याला गाठलं आणि दोन्ही बाजूंनी ओलांडून गेली. तो चोवीसावा आला. रेषेपाशी सायकलवर वाकून तो कितीतरी वेळ आपल्या मांड्यांकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्या तालुक्याने टीव्हीवर बघितलं. पडद्यावर माझा आकडा, १:२०, ठळक. हिंदीत सांगणारा म्हणाला की ऐंशी सेकंदांची आघाडी यानं दहा किलोमीटरमध्ये घालवली, शेवटच्या क्षणी हा कच खातो. संघाने करार वाढवला नाही. संपत राजुरीला परत आला, शेती बघू लागला, सकाळी डेअरीत दूध घालू लागला. गावाने त्याला नाव ठेवलं, 'ऐंशी'. डेअरीच्या रांगेत सुद्धा, "सरा, ऐंशी आला."

शैलामॅडमनी आठवण म्हणून मला एक टेप पाठवली होती. दहा किलोमीटरच्या फलकापाशी तिवईवर लावलेल्या कॅमेऱ्याचं न कापलेलं चित्रण, कारण त्यात मी दिसत होतो. एका रविवारी मी ती घरी लावली. संपत जातो. रस्ता रिकामा. मी कडेला घड्याळ घेऊन उभा. कॅमेरा चालूच. मग झुंडीचा पहिला येतो, आणि त्यानंतर स्वार येतच राहतात, येतच राहतात, आणि सगळ्यात शेवटी माझा अंगठा खाली जातो.

मी टेप मागे घेतली आणि घड्याळ लावलं. पहिल्या स्वारापर्यंत सत्तावन्न सेकंद. शेवटच्यापर्यंत ऐंशी. तेवीसचा फरक. किलोमीटरला सहाने भागलं तर सत्तावन्न सेकंद साडेनऊ किलोमीटर पुरतात. अर्धा किलोमीटर उरतो. जिथे तो सापडला, तिथेच. त्याच्या पायांनी काहीही गमावलं नव्हतं. त्याच्याकडे ऐंशी कधी नव्हतेच.

मी चार वेळा मोजलं. सुमन, माझी बायको, गहू निवडत बसली होती. ती म्हणाली, "काय सापडलं?" मी सांगितलं.

"मग सांगून टाका की त्याला."

"आता काय उपयोग? करार गेला. शर्यत परत होत नाही."

"उपयोग व्हतो का न्हाई ते त्यानं ठरवायचं. तुमी कशाला ठरवता?"

मी सांगितलं नाही. सहा वर्षं. धंद्याची धावपळ होती, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं कारण लिहायला हवं. वीस गावांत माझं घड्याळ कधी चुकत नाही असं बोललं जात होतं, आणि ते मला आवडत होतं.

सहाव्या वर्षी राजुरीच्या यात्रेत घड्याळ माझ्याकडे होतं. दोन गाड्यांवरून वाद झाला. एक म्हातारबाबा बाह्या सरसावून माझ्यासमोर आले. "आमच्या बैलाचं तोंड कवाच पार व्हतं! डोळं फुटलं का काय?" मी लाऊडस्पीकरवरून नियम सांगितला. तोंड नाही, चाक. गाड्याचं चाक गेल्यावर वेळ. लोक शांत झाले. गर्दीतून एक जण हसत पुढे आला आणि त्याने मला उसाचा रस दिला. संपत होता. अंगाने भरला होता, पण पिंडऱ्या अजून सायकलवाल्याच्याच.

"ऐका म्हातारबा," तो म्हणाला, "भाऊंचं घड्याळ कदी चुकत न्हाई. माझं ऐंशी तर सबंध तालुक्याला दावलं त्यांनी."

त्याच्या बोलण्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. तो मनापासून म्हणाला होता. मी रसाचा ग्लास खाली ठेवला.

"संपत, तुझं चुकलं होतं," मी म्हटलं. "म्हणजे माझं. तुझी वेळ."

तिथेच मंडपामागे उभं राहून मी त्याला सगळं सांगितलं. झुंडीचं शेवटचं चाक, तेवीस सेकंद, टेप. तो ऐकत होता आणि त्याचे ओठ हलत होते, त्या दिवशी पाटी बघून हलले होते तसे.

"सत्तावन्न," तो म्हणाला. "साडेनऊ किलोमीटर."

"हो."

"म्हंजी माझं पाय गेलं नव्हतं."

"नाही."

तो खाली बसला. म्हणाला, "तुमाला ठावं हाय का, मी परत सायकल का न्हाई धरली? कराराचं काय, दुसऱ्या संघाचं दोन निरोप आलं व्हतं. मीच गेलो न्हाई. मला वाटलं, मला न कळता माझं पाय बंद पडत्यात. एक मिनिट वीस हुतं आन मी जोर तसाच लावत हुतो, तरी गेलं. असं व्हत असंल तर कशाच्या भरवशावर पळायचं?" मग माझ्याकडे बघून, "भाऊ, चूक व्हती माणसाकडनं. पर सहा वर्सं?"

तेवीस सेकंदांचा हिशेब मी देऊ शकतो, सहा वर्षांचा देता येत नाही.

चार दिवसांनी तो मंचरला माझ्या घरी आला, सोबत त्याचे वडील. स्वतःचं घड्याळ घेऊन आला होता. टेप त्याने तीनदा मोजली. सत्तावन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न. त्याच्या वडिलांनी विचारलं, "ह्यो पडद्यावर हुबा हाय त्यो कोण?" मी म्हटलं, "मीच." सुमनने चहा आणला तेव्हा त्यांनी कप घेतला, एवढंच मला पुरेसं वाटलं.

जाताना संपत म्हणाला, "तुमच्या केबलवर लावा ही. आन आमच्या राजुरीच्या केबलवाल्यालाबी द्या. खाली आकडा नीट लिवा."

गावच्या केबलवर आमचं स्वतःचं एक चॅनेल असायचं, यात्रा, लग्नं, निधनवार्ता दाखवायला. मी त्यावर सलग तीन संध्याकाळी ती टेप लावली. खाली अक्षरं घातली: 'खरे अंतर ५७ सेकंद. पूर्वी दाखवलेले १ मिनिट २० सेकंद चुकीचे. चूक वेळ घेणाऱ्याची, म्हणजे आपल्या केबलचालकाची.' कांतिशेठचा लगेच फोन आला. "भाऊ, हे तुमी स्वतःच लिवलं?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "बरं. पर त्या उसामागं कांदाच हाय वो, इथंबी सुटका न्हाई." दत्तू मात्र आठवडाभर प्रत्येक खांबावरून ओरडत होता, "पयला आला की निघायचं, भाऊ!"

पुढच्या दोन यात्रांची घड्याळं माझ्याकडे आली नाहीत. तिसरीला परत बोलावलं. बैलगाड्यात नियम चाकाचाच आहे आणि तिथे तो बरोबर आहे, हे लोकांना कळलं असावं.

त्या जुलैमध्ये एका संध्याकाळी फोन वाजला. संपत होता.

"भाऊ, ती फ्रान्सची शर्यत बघताय का? सहा वर्सं बघितली न्हाई. आमच्या केबलवाल्याला सांगून ठेवली, त्यानं आत्ता लावलीया."

"मग बघ की. गावात काय म्हणतात?"

"आता सत्तावन्न म्हणत्यात," तो हसला. "नाव बदललं, सोडलं न्हाई गावानं."

मीही टीव्ही लावला. दोघं आपापल्या घरी, फोन कानाला धरून बघत होतो. एक जण एकटाच पुढे निघाला होता, दोन्ही बाजूंना सूर्यफुलं. कोपऱ्यात आकडा आला.

"भाऊ, ह्यो आकडा कुठल्या चाकाचा?"

"पहिल्या," मी म्हटलं. "झुंडीच्या पहिल्या चाकाचा."

"नक्की?"

"नक्की. विचारून घेतलंय."